सही कोणाची, तहान कोणाची?



एक जानेवारी जवळ आली की आपल्या पोरांच्या मोबाइलवर दोन आकडे चमकायला लागतात. ५०० आणि २८,०००. बॅनरवर तेच, टी-शर्टवर तेच, डीजेच्या आवाजात तेच. माझं भांडण या दोन आकड्यांशी आहे. या आकड्यांच्या ढिगाखाली त्या दिवसाचा खरा सवाल गाडला जातो. सवाल साधा होता. लढत राहायचं की हत्यार खाली ठेवायचं? तो कोणी काढला, त्याचं उत्तर कोणी दिलं आणि उत्तराची किंमत कोणी मोजली, हे आपण कधी विचारतो? नाही विचारत. आपण आकडा ओरडतो, फोटो काढतो आणि घरी येतो. आणि घरी आल्यावर वर्षभर कोणाकोणाच्या पुढ्यात काय काय खाली ठेवतो, त्याचा हिशेब कोणत्याच बॅनरवर नसतो.

म्हणून आधी तो दिवस नीट बघू. नारे बाजूला ठेवून.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून एक पलटण पुण्याकडे निघाली. मुंबईच्या देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, पाचशेच्या आसपास शिपाई. सोबत अडीच-तीनशे घोडेस्वार, मद्रास तोफखान्याचे चोवीसएक गोरे गोलंदाज आणि दोन तोफा. कप्तान स्टॉन्टन म्हातारबितर नव्हता, पण मोठा सेनापतीही नव्हता. रात्रभर पायपीट करून सकाळी ही माणसं भीमेच्या काठावर पोचली, तेव्हा समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज दिसली. वीस हजार घोडा आणि आठ हजार पायदळ असं लिहून ठेवलेलं आहे. स्टॉन्टनने कोरेगावात शिरून मातीच्या भिंतींचा आडोसा धरला. दुपारपासून रात्री नऊपर्यंत लढाई चालली. घराघरात, गल्लीगल्लीत.

आता जे नेहमी गाळलं जातं ते लिहितो. रात्रभर चाललेल्या या माणसांच्या पोटात अन्न नव्हतं. नदी हाकेच्या अंतरावर होती, पण तिच्याकडे जाणारी वाट बंद झाली होती. समोर पाणी वाहतंय आणि घशाला कोरड पडलीय. संध्याकाळपर्यंत काही जण तहानेने वेडेपिसे झाले. तोफखान्याचा अंमलदार चिझोम मारला गेला, त्याचं मुंडकं कापून नेलं गेलं. तोफ हातची गेली. पॅटिन्सन नावाचा जबर जखमी अंमलदार पुन्हा उठला, शिपायांना घेऊन तुटून पडला आणि तोफ परत मिळवली. आणि त्याच संध्याकाळी सवाल निघाला की अटी मिळत असतील तर शरण जाऊ या.

तो सवाल कोणी काढला? ग्रँट डफ हा इंग्रज. त्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, आणि त्यात त्याने स्वतःच्याच माणसांबद्दल लिहून ठेवलंय की शरण जायची गोष्ट तोफखान्यातल्या काही जणांनी काढली, आणि तो तोफखाना सगळा गोऱ्यांचा होता. स्टॉन्टनने ती मानली नाही. चिझोमच्या धडाकडे बोट दाखवून तो म्हणाला की हाती लागलात तर तुमचंही हेच होईल.

गोरे भेकड होते, असं मी यातून काढत नाही. ते गोलंदाजही दिवसभर तोफेपाशी उभे होते आणि त्यांतले कितीतरी तिथेच मेले. तहान माणसाची जात बघत नाही. मला दाखवायचंय ते वेगळं. इतिहासाच्या पुस्तकात लिहिलंय, 'स्टॉन्टनने शरण जायचं नाकारलं.' बरोबर आहे. पण कप्तानाने नाकारलं म्हणजे काय झालं? तोंडातून एक वाक्य निघालं. त्या वाक्याला हातपाय कोणी दिले? पाचशे शिपायांनी बंदुका टाकल्या असत्या तर स्टॉन्टनचा निर्णय भीमेच्या वाऱ्यावर उडून गेला असता. नेता 'नाही' म्हणतो, पण ते 'नाही' उभं राहतं रांगेतल्या माणसाच्या पायावर. हे आपल्या सगळ्या चळवळीचं व्याकरण आहे आणि आपण तेच विसरलोय.

स्तंभावर जा आणि नावं वाचा. कंपनीच्या मेलेल्यांची ४९ नावं आहेत. त्यातली २२ नावं 'नाक' शेपटाची. ही आपली माणसं. बाकीच्यांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत. म्हणजे पाचशेच्या पाचशे महार होते ही आपली घोषणा खरी नाही. आणि २८,००० च्या २८,००० माणसं अंगावर आली होती हेही खरं नाही. बाजीराव टेकडीवरून बघत होता, गावावर चालून आले ते अरब, गोसावी आणि पायदळ मिळून दोन हजारांच्या आसपास. बाकीचा घोडा नदीपल्याड राहिला. कोरेगावच्या एका दिवसाने पेशवाई बुडाली हेही तसंच. शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण १७ नोव्हेंबर १८१७ लाच लागलं होतं. आणि लढाईनंतर स्टॉन्टन पुण्याला गेला नाही, जखमी गोळा करून शिरूरला परत फिरला. जनरल स्मिथ येतोय ही खबर लागल्यावर बाजीराव पुढे पळाला.

हे लिहिलं की आपल्यातलेच काही पोरं डोळे वटारतात. "काऊन बे, तू कोनाच्या बाजूचा?" मी आपल्याच बाजूचा आहे, म्हणून लिहितो. वाढवलेला आकडा आपल्या हाती देऊन आपण शत्रूला फुकटचं हत्यार देतो. तो एक आकडा खोडतो आणि म्हणतो, बघा, सगळंच खोटं. खरं सांगितलं तर त्याला खोडता येत नाही. उपाशीपोटी, तहानेने, आठ-नऊशे माणसांनी आपल्यापेक्षा दुपटीने मोठ्या हल्ल्याला आणि मागे उभ्या असलेल्या एका अख्ख्या फौजेच्या दहशतीला रात्रीपर्यंत तोंड दिलं. त्यातली २७५ मेली, जखमी झाली किंवा हरवली. २२ 'नाक' दगडात कोरले गेले. हे कमी आहे का? ज्याला हे कमी वाटतं त्याला शौर्य कळलेलं नाही, त्याला फक्त जाहिरात कळते.

आता दुसऱ्या बाजूचे शहाणे. त्यांचा जुना धंदा ठरलेला आहे. 'महार इंग्रजांकडून लढले, म्हणजे देशाचे गद्दार.' मी त्यांना एकच तारीख देतो. ३१ डिसेंबर १८०२. वसईचा तह. कंपनीची फौज आपल्या खर्चाने पुण्यात आणून बसवायचा कागद कोणी केला? दुसऱ्या बाजीरावाने. गादी वाचवायला त्याने सही केली. बरोबर पंधरा वर्षांनी, त्याच तारखेच्या रात्री, शिरूरहून पलटण निघाली. म्हणजे कंपनीला घरात घेणारा पेशवा देशभक्त आणि कंपनीचा पगार घेणारा शिपाई गद्दार? वा रे न्याय! बाजीरावाचे अरब पगारावर नव्हते का? त्याच बटालियनीतला मराठा आणि राजपूत तुम्हाला गद्दार वाटत नाही, फक्त 'नाक' तेवढा टोचतो. याचं कारण इतिहासात नाही, तुमच्या डोक्यात आहे.

आणि तो बाजीराव शेवटी काय करतो? कोरेगावनंतर पळ, पळ, पळ. २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीला बापू गोखले उभा राहिला, लढला आणि मेला. बाजीराव तिथूनही निसटला. बापू गोखले बामन होता, पण पळाला नाही, हे लिहायला माझा हात अडखळत नाही. खरं ते खरं. ३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमपुढे हजर झाला. वर्षाला आठ लाखांची पेन्शन ठरली. बिठूरला गेला आणि १८५१ पर्यंत आरामात जगला. आष्टीच्या माळावर मेलेल्यांच्या घरी कोणती पेन्शन गेली? कोणाला पत्ता?

आपल्या नागपूरचंही बघा, लांब कशाला जायचं. बुटीबोरीहून वर्धा रोडने अठ्ठावीस-तीस किलोमीटरवर सीताबर्डीची टेकडी. आज तो किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, वर्षातून दोन-तीन दिवस लोकांना उघडतात. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला तिथे लढाई झाली. रेसिडेंट जेंकिन्सच्या बाजूने जेमतेम तेरा-चौदाशे माणसं, तीही मद्रासची आणि बंगालची देशी फौज. आप्पासाहेब भोसल्याकडे कितीतरी पट जास्त. अरबांनी लहान टेकडी घेतलीसुद्धा, पण हातची गेली. मग काय झालं? १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः उठून इंग्रजांच्या छावणीत गेला. राजा गेला, पण नागपुरातले अरब गेले नाहीत. पोटासाठी आलेले परमुलखातले भाडोत्री शिपाई. ते शहरात, वाड्यात मोर्चे धरून महिनाअखेरपर्यंत लढले. इंग्रजांचा एक हल्ला त्यांनी परतवला आणि मग अटी ठरवून बाहेर पडले. राजाने छावणीत जाऊन जेवढं मिळवलं, त्याहून मानाने हे भाडोत्री गेले. पुढे १८१८ मध्ये आप्पासाहेब कैदेतून पळाला, तेव्हा त्याला कोणी लपवलं? महादेवाच्या डोंगरातल्या गोंडांनी. ज्यांना त्याच्या दरबारात उभं राहायला जागा नव्हती, त्यांनी.

मित्रहो, एक धागा दिसतो का? सही वरचा करतो. तहान खालच्याला लागते. वरच्याची शरणागती पेन्शनीत जमा होते आणि खालच्याची शरणागती उपासमारीत. म्हणून लढायचं की थांबायचं हे ठरवायचा पहिला हक्क कोणाचा असला पाहिजे, ते तुम्हीच सांगा.

शाळेच्या पुस्तकात चर्चिलचा फोटो असतो. मे १९४० मध्ये फ्रान्स पडत होतं, इंग्रजी फौज डंकर्कच्या वाळूत अडकली होती. हॅलिफॅक्स म्हणत होता, मुसोलिनीमार्फत बोलणी करून बघू. २६ ते २८ मे असे तीन दिवस बंद दाराआड वाद झाला. चर्चिल म्हणाला, लढू. बरं केलं. हिटलर जिंकला असता तर जगात तुमच्या-माझ्यासारख्यांना कुठे जागा उरली असती? पण तेव्हाही त्याला एकट्याला पुरलं नाही. २८ तारखेला त्याने आणखी पंचवीसएक मंत्र्यांना बोलावून त्यांच्यापुढे गोष्ट ठेवली आणि त्यांनी पाठ थोपटल्यावर हॅलिफॅक्सची गोष्ट संपली. आणि बाँबखाली तग धरली ती लंडनच्या मजूर वस्त्यांनी. याच चर्चिलच्या राज्यात १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. म्हणून मी कोणाही नेत्याच्या फोटोला हार घालताना आधी विचारतो, याच्या 'लढू'मध्ये कोण कोण मोजलं होतं? आणि कोण सोडून दिलं होतं?

कोरेगावच्या 'नाकां'ना कोणी मोजलं? कंपनीने स्तंभ उभारला. पायाचा दगड २६ मार्च १८२१ ला बसवला. दगडात नाव कोरलं, आणि १८९० च्या दशकात त्याच नावांच्या नातवंडा-पणतवंडांना लष्कराचं दार बंद केलं. काय तर म्हणे, ही लढवय्यी जात नव्हे! गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त शिपाई, त्यांनी १८९४ मध्ये अर्ज केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये दार उघडलं, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये पलटण मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला. गरज पडली की शूर, गरज सरली की अस्पृश्य. मालकासाठी केलेल्या शौर्याची गत ही अशी. मालक दगड देतो, हक्क देत नाही.

हे बाबासाहेबांना दिसलं. १ जानेवारी १९२७ ला ते त्या स्तंभापाशी उभे राहिले. आणि अडीच महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, ते कुठे होते? महाडला. चवदार तळ्यावर. हे दोन दिवस शेजारीशेजारी ठेवून बघा. एका ठिकाणी आपला आजा दुसऱ्याच्या पगारावर, दुसऱ्याच्या निशाणाखाली, समोर नदी असून दिवसभर तहानलेला. दुसऱ्या ठिकाणी त्याचा नातू स्वतःच्या निशाणाखाली, स्वतःच्या ओंजळीने पाणी पितो. डोकी फुटली, मार खाल्ला, पण ते पाणी आपलं होतं. कोरेगाव ते महाड हा जो रस्ता आहे, ती आपली चळवळ. स्तंभापाशी थांबून जो परत फिरतो, त्याने अर्धाच रस्ता बघितला.

आता बुटीबोरी. आता खरी गोष्ट.

तुम्हाला ठाऊक आहे, इथे एमआयडीसी आली, जमिनी गेल्या, शेड उभ्या राहिल्या, चिमण्या उभ्या राहिल्या. आपल्या वस्तीची माणसं आत गेली ती कंत्राटदाराच्या पासवर. दहा-दहा वर्षं एकाच मशिनीवर, आणि कागदावर दर वर्षी नवीन. कंत्राटदाराचं नाव बदलतं, माणूस तोच, झाडू तोच. एका कारखान्यात, ज्याचं नाव मी लिहीत नाही कारण ही पद्धत एका गेटची नाही, तीस-पस्तीस जणांनी जादा तासाचे दुप्पट पैसे आणि पगाराची चिठ्ठी मागितली. दुसऱ्या दिवशी गेटवर पास चालेना. तेव्हापासून ते बाहेर आहेत. त्यात अर्ध्या बाया आहेत.

आता एक कागद आलाय. त्यावर लिहिलंय की आम्ही स्वखुशीने काम सोडलं, आमचं काही येणं बाकी नाही, तक्रार मागे घेतो. बदल्यात काहींना नव्या कंत्राटात परत घेणार, बाकीच्यांच्या हातात थोडी रक्कम. कोणाला घेणार आणि कोणाला नाही, ते कागदात नाही. कागद घेऊन कोण फिरतो? आपल्याच वस्तीतला एक भाऊ. आणि तोच भाऊ ३१ डिसेंबरला कोरेगावची गाडी काढतोय. डिझेल कोणाचं? कंत्राटदाराचं. बॅनर कोणाचं? कंत्राटदाराचं. बॅनरवर काय? ५०० विरुद्ध २८,०००.

हसू नका. रडायची गोष्ट आहे.

त्या बाहेर पडलेल्यांतली एक मावशी मला म्हणाली, "बाबू, सही तं तो करून रायला, पन चूल माही इझली ना. मले कोनी पुसलं काय?" बस्स. सगळ्या इतिहासाच्या पुस्तकांत नसलेला प्रश्न तिने एका दमात विचारला. मले कोनी पुसलं काय?

आणि दुसरा एक जण, पोरगा कॉलेजात शिकतो त्याचा, तो म्हणाला, "दादा, तुमी म्हनता सही नोको करा. पोराची फी तुमी भरून देता काय?" त्याच्यावर मी रागावणार नाही. ज्याने त्याच्यावर 'गद्दार' म्हणून ओरडायचं ठरवलं असेल त्याने आधी त्याच्या घरचा पिठाचा डबा उघडून बघावा. कोरेगावात शरण जायची गोष्ट निघाली ती तहानेतून. तहानलेल्याला शिवी देऊन तहान भागत नाही.

भाऊला मी विचारलं तेव्हा त्याने मोठं हत्यार काढलं. "बाबासायबांनी पुणे करारावर सही केली होती ना? मंग?" हे उत्तर आजकाल सगळीकडे ऐकू येतं. ज्याला म्हणून काही विकायचं असतं, तो पुणे करार पुढे करतो. तर त्याचं उत्तर इथे लिहूनच टाकतो.

सप्टेंबर १९३२. स्वतंत्र मतदारसंघ मिळालेला. २० तारखेला गांधी येरवड्यात उपोषणाला बसले. गांधी गेले असते तर खेड्याखेड्यात एकट्या-दुकट्या घरांचं काय झालं असतं, हे बाबासाहेबांना कोणी सांगायची गरज नव्हती. २४ तारखेला सही झाली. स्वतंत्र मतदारसंघ गेला, प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. हा तह होता आणि मानेवर सुरी ठेवून झालेला तह होता. पण त्यांनी त्याला कधी विजय म्हटलं का? त्याची मिरवणूक काढली का? १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, यावर पुस्तक लिहून त्यांनी त्या कराराची चामडी सोलली. सही झाल्यावर लढाई थांबवली का? १९३५ ला येवल्याची घोषणा, १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष, ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत कामगारांचा संप. तो संप कशासाठी होता? कामगाराचा संपाचा हक्क आवळणाऱ्या काळ्या बिलाविरुद्ध. भाऊ, तू ज्यांची सही दाखवतो, ते कामगारांना घेऊन रस्त्यावर उतरले होते. तू कामगारांना घेऊन कंत्राटदाराच्या केबिनीत शिरतो. फरक कळतो काय?

तह आणि शरणागती यांतला फरक साधा आहे. तहात तुमच्या माणसांची नावं राहतात, हत्यार राहतं, आणि उद्या परत उभं राहायची वाट राहते. शरणागतीत कागद तुमच्या तोंडून वदवून घेतो की तुमचं काही येणंच नव्हतं. 'स्वखुशीने' हा शब्द बघा. जो शब्द माणसाकडून त्याच्यावरचा अन्यायच पुसून घेतो, तो तहाचा शब्द नाही. रक्कम कमी असली तर एक वेळ चालेल. सगळ्यांना एकदम नाही, दोन टप्प्यांत घेतलं तर एक वेळ चालेल. पण 'आमचं काही बाकी नाही' हे चालणार नाही. आपलं बाकी आहे. फार जुनं बाकी आहे.

'लढून काय मिळतं' म्हणणाऱ्यांनी नामांतर आठवावं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. ऑगस्टमध्ये पोचिराम कांबळे मारले गेले. त्याच ऑगस्टमध्ये आपल्या नागपुरात इंदोऱ्याकडे गोळ्या चालल्या, आजही दहा नंबर पुलापाशी शहिदांचं स्मारक आहे. त्यानंतर किती नेत्यांनी मधला मार्ग सुचवला, किती जण खुर्चीत बसून गप्प झाले! तरी रस्त्यावरची माणसं थांबली नाहीत. लाँग मार्च निघाले, तुरुंग भरले. १४ जानेवारी १९९४ ला नाव आलं, तेही नामविस्तार म्हणून. सोळा वर्षं. पूर्ण मागितलेलं मिळालं नाही, पण जे मिळालं ते थकले नाहीत त्यांनी मिळवलं. आणि १ जानेवारी २०१८ ला, दोनशे वर्षांच्या दिवशी, कोरेगावला जाणाऱ्या आपल्या लोकांवर दगड पडले तेव्हा आपल्याला पुन्हा कळलं की तो स्तंभ कोणाच्या डोळ्यात अजून खुपतो. ज्या स्तंभासाठी आपली माणसं दगड खातात, तिथे आपण कंत्राटदाराच्या डिझेलवर जायचं?

मी सरळ सांगतो, काय करायचं ते.

एक. तो कागद रविवारी विहारात सगळ्यांपुढे मोठ्याने वाचला जाईल. इंग्रजीत असेल तर मराठीत सांगितला जाईल. ज्यांची नावं त्या कागदात आहेत तेच हात वर करतील. भाऊचा हात नाही, माझा हात नाही, या पानांच्या संपादकाचाही नाही. बायांना मागे बसवून पुरुषांनी ठरवायचं नाही. मावशी आधी बोलेल. त्यांनी सगळं ऐकून सही करायची ठरवली तर आपण मान खाली घालून ऐकू, कारण चूल त्यांची आहे. पण बंद दाराआड झालेली सही आम्ही मानणार नाही.

दोन. 'सही करू नका' म्हणायचा हक्क फुकट मिळत नाही. तहानलेल्याला 'लढ' म्हणणाऱ्याने आधी पाण्याची घागर आणावी. वस्तीतल्या प्रत्येक जयभीमवाल्या घरातून मूठ-मूठ धान्य, आणि नोकरीवाल्यांकडून महिन्याचे ठरलेले पैसे, निकाल लागेपर्यंत. त्या कॉलेजातल्या पोराची फी आपण वर्गणीतून भरायची. हिशेब भिंतीवर लावायचा. हे जमत नसेल तर आपण कोणाला शूर व्हायला सांगू नये. घोषणा बंद करून घरी बसावं.

तीन. कोरेगावला जाऊ. जरूर जाऊ. रेल्वेने जाऊ, आपल्या पैशाने जाऊ, चौघांचे पैसे जमले तर चौघंच जाऊ. बाकीच्यांनी एक जानेवारीला सकाळच्या शिफ्टला त्या गेटसमोर जमायचं. स्तंभावरची २२ नावं कागदावर उतरवून तिथे वाचायची. त्यांच्यामागे आपल्या बाहेर बसलेल्या माणसांची नावं वाचायची. गेटच्या आतल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

कंत्राटदाराची गाडी रिकामी जाऊ द्या. डिझेल त्याचं जळू द्या.

रविवार, सकाळी दहा, विहार. येताना ज्याच्या घरी जेवढं असेल तेवढं धान्य आणा. आणि भाऊ, तूही ये. कागद घेऊनच ये.

जयभीम.